काळ्या तुऱ्याचा वंश

लष्करातील जुन्या मराठी घरांतून घोड्यांच्या, बैलांच्या आणि क्वचित हत्तींच्याही गोष्टी अजून सांगितल्या जातात. कोंबड्यांची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. ज्या घरांतून सोवळे-ओवळे कडक होते तेथे कोंबडीचे नाव घेणेही वर्ज्य होते. ज्या घरांतून ती शिजत असे तेथेही ती पाळण्याचे काम गड्यामाणसांचे मानले जाई. पागेचा मान वेगळा आणि खुराड्याचा वेगळा. त्यामुळे दौलतगंजातील आमच्या घराच्या मागील अंगणात गेली बारा-तेरा वर्षे कोंबड्यांचा एक वंश नांदतो आहे, हे ऐकून आमच्या नातलगांपैकी काहींना हसू येते आणि काहींना संकोच वाटतो. त्या वंशाविषयी चार शब्द लिहावे, असे अनेक दिवस मनात होते.

हा वंश कडकनाथाचा. आपल्या मध्य प्रदेशाच्या पश्चिम टोकास, गुजरातच्या सीमेलगत झाबुआ जिल्हा आहे. तेथील भिल्ल व भिलाला लोकांच्या घरी ही जात पिढ्यानुपिढ्या वाढली. स्थानिक बोलीत तिला ‘कालीमासी’ म्हणतात, म्हणजे काळ्या मांसाची. पिसे काळी, चोच काळी, तुरा जांभळट काळा, जीभ काळी, पायाची नखे काळी, एवढेच नव्हे तर मांस, हाडे आणि आतील इंद्रियेही काळसर. पिसांच्या छटेवरून तिचे तीन प्रकार करतात: निखळ काळा, पांढुरक्या रेघांचा आणि मानेवर सोनेरी झाक असलेला. नर पावणेदोन ते दोन किलो भरतो, मादी त्याहून हलकी. अंडी वर्षाकाठी ऐंशीच्या आसपास, तीही लहान आणि फिकट तपकिरी. तीनशे अंडी देणाऱ्या कारखानी कोंबडीपुढे हा हिशेब अगदीच दुबळा दिसतो. परंतु उन्हाळा, उपासमार आणि उघड्यावरचे जिणे सोसण्यात कडकनाथाचा हात धरणारे पक्षी थोडेच. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथास भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्यासाठीचा अर्ज २०१२ पासून पडून होता आणि मधल्या काळात शेजारच्या छत्तीसगडनेही आपला हक्क सांगितल्यामुळे दोन राज्यांत एका कोंबड्यावरून बरीच खडाजंगी झाली.

कडकनाथाच्या काळेपणाचा उलगडा अलीकडच्या काळात झाला आहे. पक्ष्याच्या गुणसूत्राचा एक तुकडा फार पूर्वी कधीतरी दुप्पट झाला, उलटसुलट जोडला गेला आणि त्यामुळे रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी त्वचेपुरत्या न राहता सर्व शरीरभर पसरल्या. चीनमधील रेशमी पिसांची कोंबडी आणि इंडोनेशियातील आयाम चेमानी यांच्यातही हाच फेरफार आहे, हे २०११ साली सिद्ध झाले. कडकनाथाच्या बाबतीत भोपाळच्या आयसर संस्थेतील संशोधकांनी त्याचा तपशीलवार अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध केला. मार्को पोलोने चीनच्या प्रवासात मांजरासारखे केस असलेल्या काळ्या कोंबड्या पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. म्हणजे आमच्या अंगणातील पक्ष्याचे गोत्र बरेच दूरवर पसरलेले आहे. एक गैरसमज मात्र येथेच दूर करावयास हवा. कडकनाथाचे रक्त काळे असते असे बाजारात छातीठोकपणे सांगतात. ते खरे नाही. रक्त लालच असते.

या लाल रक्ताचा उल्लेख आम्ही सहज केलेला नाही. साध्या गावरान कोंबडीची प्रकृती तिच्या तुऱ्यावर वाचता येते. तुरा लालभडक असेल तर पक्षी निरोगी, फिकट पडला तर अशक्त, निळसर झाला तर श्वासाचा विकार. कडकनाथाच्या बाबतीत ही पाटी कोरीच असते. काळ्यावर काळे काय दिसणार? मुका मार दिसत नाही, सूज दिसत नाही, पांढरेपणा दिसत नाही. जखम दिसते ती रक्त बाहेर आल्यावरच. म्हणून ही जात पाळणाऱ्यास डोळ्यांवर विसंबता येत नाही, हात वापरावे लागतात. रोज सायंकाळी पक्षी खुराड्यात शिरताना एकेकास उचलून छातीचे हाड चाचपावे. ते धारदार लागू लागले की पक्षी खंगतो आहे असे समजावे. गळ्याखालची अन्नपिशवी भरलेली आहे की रिकामी, हे बोटांनी पाहावे. विष्ठा पाहावी, डोळा पाहावा, पिसे फुगवून कोण एकटे बसले आहे ते पाहावे. आमच्या घरी हे काम वर्षानुवर्षे न चुकता चालते आणि आता अंधारातही हाताला पक्षी ओळखू येतो.

२०१२ च्या दिवाळीनंतर झाबुआहून महिन्याभराची वीस पिल्ले आमच्याकडे आली. इंदूरच्या एका नातलगाने ती आणविली आणि रात्रीच्या प्रवासात टोपलीतून ग्वाल्हेरास पोहोचविली. त्यांतील सतरा जगली. पुढील दोन वर्षांत आम्ही या जातीचे एक मोठे वैगुण्य जाणले: कडकनाथाची मादी क्वचितच खुडूक होते. अंडी घालून ती मोकळी होते, त्यांच्यावर बसण्याची तिला फारशी ओढ नसते. झाबुआकडील घरांतून म्हणूनच तिची अंडी गावरान कोंबडीखाली रवणीला ठेवतात. आम्हीही तेच केले. एक तांबूस, थोराड, रागीट गावरान कोंबडी खास याच कामासाठी पाळली. दहा-बारा अंडी तिच्या पोटाखाली ठेवावी, सातव्या रात्री एकेक अंडे दिव्यापुढे धरून रक्तवाहिन्यांचे जाळे दिसते की नाही ते पाहावे, निर्जीव अंडी काढून टाकावी आणि एकविसाव्या दिवसाची वाट पाहावी. निळसर काळ्या पिल्लांचा घोळका त्या तांबड्या आईमागे अंगणभर फिरू लागला की आमच्या आत्याबाई, ज्यांनी प्रारंभी खुराड्याकडे पाठ फिरविली होती, त्यादेखील जिन्यात बसून तो सोहळा पाहत. ‘दत्तक घेतलेली दिसत नाहीत हो,’ असे त्या म्हणत.

ग्वाल्हेरचे हवामान या संसारास मुळीच अनुकूल नाही. ज्येष्ठात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो आणि पौषात दोन-तीन अंशांवर उतरतो. आईविना वाढणाऱ्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात पस्तीस अंशांची ऊब लागते. पुढे दर आठवड्यास ती दोन-तीन अंशांनी कमी करीत न्यावयाची. विजेचा दिवा त्यासाठी सोयीचा, परंतु वीज गेली की सगळी भिस्त शेगडीतील राखेखालच्या निखाऱ्यांवर. म्हणून आम्ही रवणीसाठी दोनच हंगाम ठरविले: फाल्गुनाचा पूर्वार्ध आणि दसऱ्यानंतरचे तीन आठवडे.

रोगांपैकी सर्वांत भयंकर मानमोडी. पक्ष्याची मान वाकडी होते, हिरवी हगवण लागते आणि दोन-चार दिवसांत खुराडे रिकामे होते. इंग्रजी अमदानीत या रोगास राणीखेत हे नाव पडले, कारण हिंदुस्थानातील त्याची आरंभीची नोंद त्या डोंगरी गावची. कुमाऊँमधील मुक्तेश्वर येथील संशोधनशाळेत त्यावरील लस तयार झाली आणि आजही आठव्या आठवड्यानंतर टोचली जाणारी लस मुक्तेश्वरच्याच वाणाची आहे. पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब, पुढे टोचणी, मध्ये देवीची लस, हा क्रम आमच्या भिंतीवरील दिनदर्शिकेत एकादशी-चतुर्थीच्या शेजारी लिहिलेला असतो. मानमोडीने आमचे फार नुकसान झाले नाही. नुकसान झाले ते दुसऱ्या दोन गोष्टींनी.

पहिली गोष्ट रक्ताची. थोड्या पक्ष्यांचा कळप आपसातच वाढत राहिला की अंडी फलित होण्याचे प्रमाण घटते, पिल्ले कवचातच मरू लागतात, वाढ खुंटते. २०१६ च्या सुमारास आमच्या कळपात ही चिन्हे दिसू लागली. नवा नर हवा होता. २०१७ साली येथील बाजारातील एका विक्रेत्याने झाबुआचा म्हणून खात्री देऊन एक देखणा नर दिला. चोच काळी, तुरा काळा, पाय काळे, कोठे बोट ठेवावयास जागा नव्हती. त्याची संततीही काळी निपजली. २०१९ च्या वसंतात मात्र त्याच्या मुलींच्या अंड्यांतून दोन पिल्ले बाहेर आली, त्यांचे पाय पिवळे होते.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कडकनाथाचा काळेपणा हा प्रभावी गुण आहे. आई-बापांपैकी एकाकडून जरी तो आला तरी पिल्लू बव्हंशी काळे दिसते. म्हणजे संकरित नर शुद्ध माद्यांमध्ये सोडला तर पहिली पिढी त्याचे बिंग फोडीत नाही. त्या पिढीतील निम्म्या पक्ष्यांमध्ये परका अंश लपून बसतो आणि तसेच दोन पक्षी एकत्र आले की चारांतील एखादे पिल्लू उजळ निघते. काळेपण हे शुद्धतेचे प्रमाणपत्र नव्हे, ही गोष्ट त्या दोन पिवळ्या पायांनी आम्हांस शिकविली. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरकडील कडकनाथाच्या व्यवहाराची बातमी महाराष्ट्रात गाजत होती. पक्षी आणि अंडी चढ्या भावाने परत घेण्याच्या आमिषाला भुलून हजारो शेतकऱ्यांनी पैसे गुंतविले आणि ते बुडाले. पक्षी दुर्मिळ झाला की त्याच्या नावावर काय काय विकले जाते, याचे हे मोठे उदाहरण. आमचे उदाहरण एका नराएवढे लहान.

सुदैवाने आमच्याकडे वही होती. मराठी घरांतून कुळवृत्तांत लिहिण्याची हौस असते. आमच्याकडे ती कोंबड्यांच्या वाट्यास आली. प्रत्येक पक्ष्याच्या पायात रंगीत कडी आणि वहीत त्याची आई, बाप, रवणीची तिथी. त्या वहीच्या आधारे बाजारच्या नराचा अंश असलेले सर्व पक्षी वेगळे काढले. ते मारून टाकण्याचे कोणाच्या मनात आले नाही. आग्रा रस्त्यावरील एका ओळखीच्या शेतावर ते गेले आणि तेथे सुखाने नांदले. आमच्याकडे उरले दोन नर, नऊ माद्या आणि त्याच वसंतात निपजलेल्या चार तलंगा.

दुसरी गोष्ट घडली २०२० च्या श्रावणात. टाळेबंदीच्या काळात खाद्य मिळेना म्हणून आम्ही मक्याचा भरडा, तांदळाची कणी आणि घरचा भाजीपाला यांवर कळप कसाबसा जगविला होता. एके रात्री अंगणाखालील जुन्या दगडी गटारातून मुंगूस वर आले. त्याने फरशीखालची माती उकरली आणि ते खुराड्यात शिरले. मुंगूस भुकेपुरते मारीत नाही, हाती लागेल तितके मारते. आम्ही दिवा घेऊन पोहोचलो तेव्हा नऊ पक्षी मेले होते. एक नर व दोन माद्या वरच्या दांडीवर अंग चोरून बसल्या होत्या. कोपऱ्यात एक निळ्या कडीची तलंग जिवंत होती. मांडीचे कातडे फाटलेले, डावा पाय गुडघ्याखाली मोडलेला, पंखाखाली दातांची खूण. वहीत पाहिले तर जुन्या वंशाच्या सर्वांत चांगल्या मादीची ती एकुलती उरलेली लेक.

तिचे काय करावे, यावर घरात रात्री दोन वाजता वाद झाला. तिला वेदनेतून मोकळे करावे, असे एक मत. पहाटेपर्यंत थांबावे, असे दुसरे. पशुवैद्यांनी सकाळी पाहून सांगितले की हाड सरळ मोडले आहे, जखम खोल आहे, माशी बसू दिली नाही तर आशा आहे. मग जखमेभोवतीची पिसे कातरली, उकळून निवविलेल्या मिठाच्या पाण्याने ती धुतली, औषध लावले. बांबूच्या दोन पातळ कामट्या कापसात गुंडाळून पायास बांधल्या. पक्ष्याचे हाड तीन आठवड्यांत सांधते, परंतु तेवढे दिवस त्यास हलू देता कामा नये. तिला एका डालग्याखाली, माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवले. गुळाचे पाणी चमच्याने पाजले. पावसाळ्यातील माश्यांपासून जखम राखणे हेच सर्वांत कठीण होते. डालग्यावर जुन्या नऊवारीचे तलम फडके टाकून ते साधले. ते फडके आत्याबाईंनी स्वतःहून काढून दिले.

कोंबड्यांमध्ये जखमी पक्ष्यास कळपात ठेवता येत नाही. रक्ताचा लाल ठिपका दिसला की इतर पक्षी त्याच जागी चोची मारू लागतात आणि पाहता पाहता मरण ओढवते. बरे झाल्यावर परत सोडणेही सोपे नसते. कोणी कोणास टोचावे याची एक उतरंड प्रत्येक कळपात असते. ती नॉर्वेतील श्येल्डेरुप-एब्बे या अभ्यासकाने १९२१ साली प्रथम शास्त्रीय रीतीने मांडली. तीन आठवडे दूर राहिलेली कोंबडी त्या उतरंडीत परकी ठरते. आम्ही तिला आठ दिवस जाळीपलीकडून सर्वांना दिसेल अशी ठेवली आणि मग एका रात्री अलगद दांडीवर नेऊन बसविली. सकाळी थोडी टोचाटोची झाली आणि मिटली. ती लंगडत चालते, ते कायमचे राहिले. खुराड्याच्या चहूबाजूंनी हातभर खोल चर खणून त्यात लोखंडी जाळी पुरली आणि गटाराचे तोंड दगडचुन्याने बंद केले.

एक नर, दोन प्रौढ माद्या आणि एक लंगडी तलंग. एवढ्यावर वंश टिकत नाही. झाबुआहून नवा नर आणण्याचे ठरत होते, तोच २०२१ च्या जानेवारीत बर्ड फ्लूची बातमी आली. डिसेंबरच्या अखेरीस इंदूरात कावळे मरून पडू लागले होते आणि मग झाबुआतील एका कडकनाथ केंद्रातही रोग पोहोचला. क्रिकेटपटू महेंद्रसिंह धोनी यांनी त्याच केंद्राकडे दोन हजार पिल्ले मागविली होती, म्हणून ती वार्ता देशभर झाली. रोगाच्या केंद्राभोवतीचे सर्व पक्षी मारून पुरावे, हा नियम. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिली साथ आली तेव्हाही हेच झाले होते. नियम आवश्यक आहे, याविषयी शंका नाही. परंतु ज्या जातीचे पक्षी थोड्याच ठिकाणी एकवटलेले आहेत, तिच्यावर अशी साथ म्हणजे एकाच दप्तरात ठेवलेल्या सर्व सनदांना आग लागण्यासारखे आहे. जात केवळ सरकारी केंद्रात राखून भागत नाही, ती चार घरांच्या अंगणांतही विखुरलेली असावी लागते, हे आम्हांस त्या महिन्यात पटले. तोपर्यंत आमचा कळप ही आमची हौस होती. त्यानंतर ती जबाबदारी झाली.

नवा नर येण्यास २०२२ चा फाल्गुन उजाडला. या खेपेस तो बाजारातून नव्हे, झाबुआकडील परिचित घरातून, त्याच्या आईबापांस पाहून आणला. पहिल्या वर्षी त्याची पिल्ले विकली नाहीत, वाटली नाहीत. दुसऱ्या पिढीचे पाय पाहिल्यावाचून कोणास शुद्ध म्हणावयाचे नाही, असा आता घरचा दंडक आहे. लंगड्या निळ्या कडीच्या मादीने त्या हंगामात नेमाने अंडी घातली. त्यांतील आठ रवणीला ठेवली, सहा पिल्ले निघाली. आज तिच्या मुली-नाती मिळून अंगणात चौदा पक्षी आहेत. शिवाय तिच्या वंशाच्या दोन जोड्या लष्करातल्याच दुसऱ्या एका घरी आणि एक जोडी मुरारला नांदते आहे.

कळपाच्या या हिशेबात आमच्या वाचकांना दुसराही एक हिशेब दिसला तर नवल नाही. लष्कर या नावाचा अर्थच छावणी. दौलतराव शिंद्यांच्या सैन्याचा तळ सुमारे १८१० पासून येथे पडला आणि पुढे त्याचेच शहर झाले. तळाबरोबर आलेली आपली घरे थोडी, एकमेकांत गुंतलेली आणि मूळ मुलखापासून दूर. आपल्या पूर्वजांनी या घरांचे मराठीपण राखले ते दारे बंद करून नव्हे. पुण्याहून, साताऱ्याहून, बडोद्याहून सुना आणल्या, लेकी इंदूर-देवासला दिल्या आणि घरातल्या मराठीत ‘बाडा’, ‘गोठ’, ‘मोहल्ला’ हे शब्द सुखाने शिरू दिले. ज्यांनी केवळ रंग सांभाळला त्यांच्याकडे तिसऱ्या पिढीत भाषा राहिली नाही, आणि जेथे घराची वही लिहिली गेली, जुने-नवे नातेसंबंध जागते राहिले, तेथे ती टिकली. माणसांना कोंबड्यांचे नियम लावू नयेत हे आम्ही जाणतो. तरीही रोज सायंकाळी पक्षी मोजताना हा विचार डोकावतो.

येत्या दसऱ्यानंतर निळ्या कडीच्या मादीची नात प्रथमच अंड्यावर येईल. तिची अंडी ज्या तांबड्या कोंबडीखाली ठेवावयाची ती म्हातारी झाली आहे, तेव्हा तिच्या जागी नवी खुडूक कोंबडी शोधणे चालू आहे. आपल्यापैकी कोणाच्या अंगणास जागा असेल, भिंत उंच असेल आणि शेजारी पहाटेच्या आरवण्यास फारसे बिचकणारे नसतील, त्यांनी जरूर कळवावे. एक जोडी आणि तिची वही, दोन्ही आम्ही आनंदाने देऊ.